‘डॉल्बी ॲटमॉस’वाला साउंडबार घेतला की घराचं थिएटर होतं का?

जुलै २०२५ मध्ये पुण्यातल्या खराडीत, सिटी प्राइड मल्टिप्लेक्समध्ये भारतातला पहिला ‘डॉल्बी सिनेमा’ सुरू झाला. पडद्यामागे स्पीकर, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर स्पीकर, पाठीमागे स्पीकर आणि डोक्यावर छतातही स्पीकर. रील्समधून ते थिएटर बघता बघता सगळ्यांपर्यंत पोहोचलं. त्यानंतर अडीच महिन्यांनी, २२ सप्टेंबरला, ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. बाजारात ४३ आणि ५५ इंची टीव्हीच्या जाहिराती सुरू झाल्या आणि टीव्हीच्या शेजारी, त्याच ईएमआयमध्ये बसवता येईल असा एक लांबट खोका दिसू लागला. साउंडबार. खोक्यावर तोच लोगो, जो खराडीच्या थिएटरबाहेर आहे.

किंमत दहा-बारा हजारांपासून लाखाच्या वर. दावा मात्र सगळ्यांचा एकच: ‘घरबसल्या थिएटरचा सराउंड साउंड’.

टीव्हीखाली ठेवलेल्या तीन फुटी पट्टीतून खरंच चारही बाजूंनी आवाज येऊ शकतो का? थोडक्यात उत्तर हवं असेल तर असं: समोरचा आवाज नक्की रुंद होतो, खोली चांगली असेल तर वरूनही येतो, पण मागून येत नाही. मागून आवाज हवा असेल तर मागे काहीतरी ठेवावं लागतं. हे असं का, ते समजून घेतलं तर दुकानातल्या सेल्समनपेक्षा आपल्या हॉलकडे बघून निर्णय घेता येतो.

लोगो नेमकं काय सांगतो?

सराउंडची जुनी पद्धत चॅनेलची. १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’सोबत डॉल्बी डिजिटल थिएटरमध्ये आलं. त्यातला ५.१ हा आकडा पुढे घराघरात पोहोचला. पाच स्पीकर म्हणजे समोर तीन, मागच्या बाजूला दोन. आणि ‘पॉइंट वन’ म्हणजे नुसता दणका देणारा सबवूफर. कोणता आवाज कोणत्या स्पीकरमधून निघणार, हे मिक्सिंग करतानाच ठरलेलं असायचं.

२०१२ मध्ये ॲटमॉसनं ही पद्धत बदलली. पिक्सारचा ‘ब्रेव्ह’ हा त्यातला पहिला सिनेमा. भारतात त्याच वर्षी रजनीकांतचा ‘शिवाजी थ्रीडी’ ॲटमॉसमध्ये आला. यात हेलिकॉप्टरचा आवाज ‘डावीकडच्या मागच्या स्पीकरला’ दिला जात नाही. तो एक स्वतंत्र ‘ऑब्जेक्ट’ असतो आणि त्याच्यासोबत चिठ्ठी जोडलेली असते की, हा आवाज या क्षणी खोलीत अमुक ठिकाणी, अमुक उंचीवर हवा. असे १२८ पर्यंत ट्रॅक एकाच वेळी चालू शकतात. समोर किती स्पीकर आहेत ते बघून मशीन ठरवतं की कुणी किती आवाज काढायचा. थिएटरमध्ये ६४ पर्यंत स्पीकरना वेगवेगळा आवाज देता येतो. २०१४ मध्ये हेच तंत्र घरात आलं.

मेख इथेच आहे. ॲटमॉस स्पीकरची संख्या ठरवत नाही. चौसष्ट स्पीकर असतील तर आवाज चौसष्टांत वाटला जातो, दोनच असतील तर दोघांत. सोनीचा एचटी-एक्स८५०० हा २०१९ मधला बार २.१ चॅनेलचा आहे. वर तोंड केलेला एकही स्पीकर त्यात नाही, मागचे स्पीकर नाहीत. तरी त्यावर ॲटमॉस चालतं आणि लोगोही आहे. यात फसवणूक नाही. लोगो एवढंच सांगतो की, ही चिठ्ठी या यंत्राला वाचता येते. चिठ्ठीवरच्या पत्त्यावर आवाज पोहोचवायला त्याच्याकडे माणसं आहेत का, हा वेगळा प्रश्न.

त्यासाठी आकडे वाचायचे. ३.१.२ मध्ये पहिला आकडा कानाच्या पातळीवरच्या चॅनेलचा, दुसरा सबवूफरचा, तिसरा छताकडे आवाज फेकणाऱ्यांचा. तिसरा आकडाच नसेल तर ‘वरून येणारा आवाज’ म्हणजे निव्वळ सॉफ्टवेअर. खोक्यावर ‘व्हर्च्युअल’ हा शब्द बारीक अक्षरात असेल तर त्याचाही अर्थ तोच. आणि ‘बावीस स्पीकर’ असं लिहिलेलं असेल तर ते आतल्या लहान-मोठ्या ड्रायव्हर्सची गोळाबेरीज असते. तेवढ्या दिशांनी आवाज येईल असं ते वचन नाही.

कानाला फसवता येतं, पण किती?

माणसाला दोनच कान आहेत. मग दोन स्पीकरमधून सगळ्या दिशा का निर्माण करता येऊ नयेत? प्रश्न रास्त आहे आणि संशोधकांनी तो फार आधी विचारला होता.

डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी आणि उजव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. शिवाय मध्ये डोकं असल्यामुळे उजव्या कानाला तो थोडा मंद ऐकू येतो. लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९०७ मध्ये हे मांडलं. पण यात एक अडचण आहे. अगदी नाकासमोरून आलेला आणि अगदी पाठीमागून आलेला आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी आणि सारखाच पोहोचतो. तरीही पाठीमागे कुणी किल्ल्या वाजवल्या तर आपण मागेच वळतो. हे कसं कळतं?

एक म्हणजे कानाचा बाहेरचा भाग. त्याच्या वळ्या-खळग्यांमधून जाताना मागून आलेल्या आवाजातले बारीक, उंच स्वर वेगळ्या तऱ्हेनं गाळले जातात आणि मेंदूला लहानपणापासून त्याची ओळख असते. दुसरं म्हणजे आपण नकळत मान हलवतो. मान जराशी वळली की दोन कानांमधला फरक बदलतो आणि मेंदू मागचं-पुढचं ठरवून टाकतो.

‘व्हर्च्युअल सराउंड’ पहिल्या गोष्टीची नक्कल करतं. समोरच्या स्पीकरमधून निघणाऱ्या आवाजात असे फेरफार केले जातात की तो जणू मागून येऊन कानाच्या वळ्यांमधून गेला आहे. पण डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही ऐकू जातो, तो थांबवल्याशिवाय ही युक्ती चालत नाही. त्यासाठी उजव्या स्पीकरमधून त्याच्या बरोबर उलटा आवाज सोडून तो मारून टाकावा लागतो. या तंत्राचा पाया घालणाऱ्या दोघांपैकी एक भारतीय आहे. कानपूरमध्ये जन्मलेले बिष्णू अटल. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मानफ्रेड श्रोडर यांच्यासोबत त्यांनी हे काम केलं. मोबाइलवरचं बोलणं कमी डेटात पाठवण्यामागेही पुढे अटल यांचंच संशोधन आलं, पण तो विषय वेगळा.

हे तंत्र खरंच चालतं. एकच माणूस, बरोबर मधोमध, डोकं न हलवता बसला असेल तर. मान काही इंच सरकली की उलटा आवाज चुकीच्या वेळी कानावर पोहोचतो आणि भ्रम विरघळतो. शिवाय प्रत्येकाच्या कानाची ठेवण वेगळी, त्यामुळे कंपनीनं गृहीत धरलेला ‘सरासरी कान’ तुमचा असेलच असं नाही. आता रविवारी संध्याकाळचा हॉल डोळ्यांसमोर आणा. सोफ्यावर तिघं, बाजूच्या खुर्चीत आजी, खाली गादीवर लोळलेली पोरं. त्यातला मधला एकच माणूस व्हर्च्युअल सराउंड ऐकतो, बाकीचे नुसताच मोठा आवाज ऐकतात.

भिंतीवरून टप्पा: कॅरममधला रिबाउंड

दुसरा रस्ता जास्त प्रामाणिक आहे. आवाज खरोखरच बाजूनं यावा म्हणून तो बाजूच्या भिंतीवर मारायचा.

कॅरम खेळणाऱ्याला हे लगेच कळेल. सोंगटी सरळ मारता येत नसेल तर स्ट्रायकर समोरच्या पट्टीवर आपटून परत आणायचा. साउंडबार तेच करतो. एका रांगेत अनेक लहान स्पीकर बसवायचे, प्रत्येकाला आवाज सेकंदाच्या अतिसूक्ष्म फरकानं द्यायचा, म्हणजे सगळ्यांचा मिळून आवाजाचा एक झोत तयार होतो आणि तो हव्या त्या कोनात वळवता येतो. यामाहानं २००४ च्या सुमारास वायएसपी-१ हे यंत्र आणलं, त्यात ४० लहान स्पीकर आणि दोन वूफर होते. आजच्या महागड्या बारमध्ये असलेलं ‘बीमफॉर्मिंग’ त्याच घराण्यातलं.

अडचण निसर्गनियमाची आहे. झोत करायचा तर आवाजाची लहर स्पीकरच्या रांगेपेक्षा बरीच लहान हवी. १,००० हर्ट्झच्या आवाजाची लहर साधारण ३४ सेंटिमीटरची. मीटरभर लांबीच्या बारला ती बऱ्यापैकी वळवता येते. २०० हर्ट्झची लहर मात्र १.७ मीटरची, म्हणजे बारपेक्षाही लांब. ती कुठेही वळत नाही, बारमधून निघून सरळ हॉलभर पसरते. त्यामुळे मागून ट्रक येतोय असं दृश्य असेल तर ट्रकच्या ब्रेकची किंचाळी भिंतीवर जाते, पण इंजिनाची घरघर टीव्हीखालूनच येते.

आणि इथे मेंदू आपलं जुनं वळण सोडत नाही. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला तर जो आधी पोहोचला तीच त्याची दिशा, असं तो ठरवतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये हा परिणाम मोजला होता. सोफा बारपासून तीन मीटरवर असेल तर थेट आवाज साधारण ९ मिलिसेकंदांत पोहोचतो. भिंतीवरून पाच मीटर फिरून येणाऱ्याला १५ लागतात. भिंतीवरचा आवाज थेट आवाजापेक्षा चांगलाच मोठा असेल तरच तो ही शर्यत जिंकतो. कारण बारमधून थोडा तरी आवाज सरळ गळतोच आणि तो सहा मिलिसेकंद आधी पोहोचलेला असतो.

हे झालं कॅरमचा बोर्ड धड असेल तर. आता आपल्याकडचे हॉल बघा. पुणे, ठाणे, नवी मुंबईतल्या टू बीएचकेचा ठरावीक नकाशा: हॉलच्या एका बाजूला बाल्कनीची काचेची सरकती दारं आणि त्यावर जाड पडदे, दुसऱ्या बाजूला अर्धी भिंत आणि मग बेडरूमकडे जाणारा पॅसेज किंवा ओटा दिसेल असं उघडं किचन. डावीकडचा झोत पडद्यात मुरतो, उजवीकडचा पॅसेजमधून थेट बाथरूमच्या दारापर्यंत जातो. एका बाजूची पट्टी मखमलीची आणि दुसऱ्या बाजूची पट्टीच नाही, अशा बोर्डावर रिबाउंड मारायचा आहे.

सेनहायझरचा २०१९ मधला ॲम्बिओ साउंडबार या दिशेनं झालेला बहुधा सगळ्यात गंभीर प्रयत्न. १३ ड्रायव्हर, मागे काहीही नाही, आणि बसायच्या जागी माइक ठेवून खोली मोजून घ्यायची सोय. आता इतर कंपन्यांच्या वरच्या मॉडेल्समध्येही अशी मोजणी असते. मोजणीनं हॉलची ठेवण कळते आणि आवाज थोडा सावरता येतो. नसलेली भिंत मात्र उभी करता येत नाही.

समजा दोन्ही भिंती सरळ, उघड्या आणि सारख्या अंतरावर आहेत. तरी टप्पा खाऊन आलेला आवाज बाजूनं येतो, मागून नाही. मागून आणायचा तर तो पाठीमागच्या भिंतीवरून परतायला हवा आणि त्यासाठी सोफ्यामागे जागा हवी. आपल्या फ्लॅटमध्ये सोफा भिंतीला टेकलेला असतो, कारण तो पुढे ओढला तर डायनिंग टेबल कुठे ठेवायचं हा प्रश्न येतो.

छताच्या बाबतीत आपण नशीबवान

एका गोष्टीत भारतीय घरं या तंत्रज्ञानाला सोयीची निघाली आहेत. वर तोंड केलेले स्पीकर आवाज छतावर आपटून खाली आणतात. डॉल्बीच्या शिफारशीप्रमाणे यासाठी छत सपाट आणि कडक हवं, आणि साधारण साडेसात ते बारा फुटांवर हवं. आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट. आणि वर प्लास्टर केलेला सिमेंटचा स्लॅब. आवाज परत फेकायला यापेक्षा चांगलं काही नाही. म्हणून ३.१.२ किंवा ५.१.२ बारवर पावसाचं दृश्य लावलं तर अगदी साध्या सोसायटीतल्या हॉलमध्येही पाऊस टीव्हीच्या चौकटीबाहेर, वरच्या अंगाला पडल्यासारखा वाटतो. अगदी डोक्यावर नाही, पण पडद्यापासून सुटलेला.

अर्थात हेही इंटिरियर डिझायनरनं हात लावेपर्यंत. पीओपीच्या पायऱ्या, खोलगट खाचा, त्यात दडवलेले एलईडी, मधोमध लोंबणारं झुंबर, असं छत असेल तर आवाज नको तिकडे फुटतो. कोकणातल्या कौलारू घरात छत उतरतं असल्यामुळे तो भलत्याच कोपऱ्यात जातो. आणि पंख्याबद्दल कुणी बोलत नाही. पाचवर फिरणाऱ्या पंख्याच्या घोंगावण्यात ॲटमॉसचे बारकावे, दूरची पावलं, झाडांची सळसळ, सगळं बुडून जातं.

मग मागचे दोन स्पीकर

बाजारात असे बार आहेत ज्यांच्यासोबत मागचे स्पीकर खोक्यातच येतात. सॅमसंगची एचडब्ल्यू-क्यू९९० मालिका ११.१.४ चॅनेलची आहे, तिच्यासोबत वायरलेस मागचे स्पीकर मिळतात. जेबीएल बार १००० च्या दोन्ही टोकांचे तुकडे निघतात. सिनेमा बघताना ते सोफ्यामागे ठेवायचे आणि नंतर परत बारला जोडून चार्ज करायचे. दुसऱ्या टोकाला सोनीचा एचटी-एस२०आर. यात ॲटमॉस नाही, मागचे दोन स्पीकर वायरचे, सबवूफर मोठा. दिसायला गबाळा वाटेल, पण ५.१ मधले पाचही स्पीकर त्यात खरे आहेत.

‘पाठीमागून आवाज आला पाहिजे’ एवढीच अट असेल तर मागे दोन खरे स्पीकर असलेला स्वस्त संच, मागे काही नसलेल्या आणि त्याहून कितीतरी महाग असलेल्या ॲटमॉस बारला हरवतो. कारण मागून आलेल्या आवाजाला भ्रमाची गरजच नसते. तुमच्या कानाच्या वळ्या, मान हलवण्याची सवय, आधी पोहोचणाऱ्याला मान देणारा मेंदू, हे सगळे जे एरवी साउंडबारच्या विरोधात काम करतात, ते इथे त्याच्या बाजूनं काम करतात. आजीच्या खुर्चीतही मागचं मागूनच येतं.

लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यात तपकीर गल्लीतून आणलेले पाच डबे आणि ॲम्प्लिफायर ज्यांच्या घरी होता, त्यांना हे नवीन नाही. ते संच हद्दपार झाले ते आवाजामुळे नाही, तर फरशीवर लोळणाऱ्या वायरींमुळे. घर झाडताना त्या वायरींना रोज कुणाचे ना कुणाचे शब्द ऐकावे लागायचे. साउंडबारचं खरं यश तेच आहे, त्यानं वायरींचं भांडण मिटवलं. त्या बदल्यात मागचा आवाज गेला आणि तो परत देण्याचा दावा सॉफ्टवेअर करत आलं आहे. आता कंपन्याही पुन्हा खऱ्या स्पीकरकडे वळताना दिसतात. डॉल्बीनं २०२३ मध्ये जाहीर केलेलं ‘फ्लेक्सकनेक्ट’ हे त्याचंच लक्षण: टीव्ही आणि वायरलेस स्पीकर मिळून काम करतात, स्पीकर जिथे जागा मिळेल तिथे ठेवायचे आणि ते कुठे आहेत हे टीव्ही स्वतः शोधून आवाज वाटून देतो.

वायर चुकली तर सगळंच चुकलं

इतके पैसे खर्च करून अनेक घरांत बार टीव्हीला ब्लूटूथनं जोडलेला असतो. तसं केलं की सहसा साधा स्टिरिओच पोहोचतो, सराउंडचा विषय तिथेच संपतो. ऑप्टिकल वायरमधून जुनं ५.१ जातं, ॲटमॉस जात नाही. टीव्हीवर ‘एआरसी’ किंवा ‘ई-आर्क’ लिहिलेलं एचडीएमआयचं भोक शोधायचं आणि त्यातच जोडायचं. ओटीटीवरच्या ॲटमॉससाठी साधं आर्कही चालतं, ब्लू-रेवाल्यांना ई-आर्क लागतं. त्यानंतर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आवाजाचा पर्याय ‘पीसीएम’वर नाही ना, ते बघायचं.

प्लॅनही बघायचा. नेटफ्लिक्सवर ॲटमॉस फक्त सगळ्यात वरच्या, प्रीमियम प्लॅनमध्ये आहे. आणि संध्याकाळी सात ते दहा जे खरं तर घरात सगळ्यात जास्त चालतं, त्या मालिका आणि बातम्या बहुतेक स्टिरिओच असतात. त्यांच्यावर बारचा ‘सराउंड’ मोड लावला की निवेदक विहिरीत बसून बोलतोय असं वाटतं. तो बंद ठेवलेला बरा.

मग बार घ्यायचाच कशाला?

कारण बहुतेक घरांतली खरी तक्रार सराउंडची नाहीच. ती अशी असते: ‘काय बोलले ते? आवाज वाढव जरा.’ आणि पुढच्याच मिनिटाला मारामारी सुरू झाली की, ‘कमी कर, कमी कर!’

जुन्या डबा टीव्हीत स्पीकर समोर तोंड करून बसायचे. आताचे टीव्ही इतके चपटे की स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवावे लागतात. संवाद आधी भिंतीवर किंवा कॅबिनेटवर आपटतो, मग आपल्याकडे येतो. त्यात खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, चारही बाजूंना प्लास्टर, वर स्लॅब. अशा खोलीत आवाज घुमत राहतो आणि एक अक्षर दुसऱ्यावर चढतं. रिकाम्या फ्लॅटमध्ये टाळी वाजवून बघितली असेल तर हे लक्षात येईल. त्याशिवाय सिनेमाचा ५.१ आवाज टीव्हीच्या दोन स्पीकरमध्ये कोंबला जातो, तेव्हा संवाद आणि स्फोट एकाच पाइपातून वाहतात.

साउंडबार इथे मनापासून उपयोगी पडतो, तेही महाग नसलेला. अट एकच, त्यात मधला स्वतंत्र स्पीकर हवा. म्हणजे चॅनेलचा पहिला आकडा किमान ३ हवा. सिनेमातले संवाद बहुतेक या मधल्या चॅनेलमध्येच असतात, त्यामुळे तेवढेच वाढवता येतात. ‘व्हॉइस’ किंवा ‘डायलॉग’ नावाचं बटण तेच करतं. ‘नाइट’ मोड कुजबुज वर आणतो, स्फोट खाली दाबतो. ज्या घरात कमी ऐकू येणारं ज्येष्ठ माणूस आहे, तिथे या दोन बटणांची किंमत ॲटमॉसच्या लोगोपेक्षा जास्त आहे.

गंमत अशी की संवाद स्पष्ट करायला पडदे, गालिचा, कापडी सोफा हवा, आणि भिंतीवर टप्पा मारणाऱ्या बारला पडदे नको असतात. दोन्हींतलं एक निवडायचं झालं तर पडदे निवडावेत. गालिचा मात्र दोघांनाही चालतो.

घेण्याआधी ऐकून बघायचं असेल तर शोरूममध्ये लावलेल्या चकाचक डेमोवर जाऊ नका. तिथली दृश्यं बारला झेपतील अशीच निवडलेली असतात आणि हॉल तुमचा नसतो. बोलण्याची दृश्यं असलेला, आधी पाहिलेला सिनेमा लावायला सांगा. घरी आणल्यावर, परत करण्याची मुदत असेपर्यंत, एक चाचणी करा. डोळे मिटून बसा आणि आवाज येईल त्या दिशेला बोट करा. डोळे उघडे असले की मेंदू चित्राच्या मागे जातो आणि कानाला फार श्रेय मिळतं. घरातल्या तिघा-चौघांना वेगवेगळ्या जागी बसवून हाच खेळ खेळा. सगळ्यांची बोटं टीव्हीकडेच असतील तर ‘सराउंड’साठी जास्त मोजलेले पैसे परत मिळवण्याची ती शेवटची संधी.

शेजारच्यांना विचारलंय का?

थिएटरमध्ये सबवूफरचे दणके ११५ डेसिबलपर्यंत जातील अशी रचना असते. आपल्याकडे ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ही मोजणी परिसरातल्या आवाजाची असली तरी तफावत लक्षात यावी. खर्जाचा आवाज भिंतीत अडत नाही, फरशीतून खालच्या घराच्या छतात उतरतो. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कोणत्या दिशेनं येतोय हे आपल्याला नीट कळत नाही, त्यामुळे सबवूफर कोपऱ्यात ठेवला तरी सिनेमात फरक पडत नाही. फक्त तो कोपरा शेजारच्यांच्या बेडरूमला लागून नसावा आणि त्याखाली जाड रबराचा तुकडा असावा.

मागचे स्पीकर घेतलेच तर तेही भिंतीला टेकलेल्या सोफ्यामागे कोंबू नयेत. सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे आणि बसलेल्या माणसाच्या कानाच्या थोडं वर, भिंतीवर लावले तर चांगले चालतात. आणि दुकानदार ज्यांना ‘वायरलेस’ म्हणतो त्यांनाही बहुतेक वेळा वीज लागतेच, म्हणजे दोन प्लग पॉइंट हवेत, जे नेमके सोफ्याच्या बाजूला नसतात. घराचं काम अजून चालू असेल तर इलेक्ट्रिशियनला सांगून प्लास्टरच्या आधीच टीव्हीच्या भिंतीपासून सोफ्याच्या भिंतीपर्यंत एक रिकामा पाइप टाकून घ्यावा. बार पाच वर्षांत जुना होईल, पाइप तिथेच राहील.